दुष्काळाची थैली

संगमनेरच्या घाटावर उभे राहिले म्हणजे प्रवरा आणि म्हाळुंगी एकमेकींस मिळताना दिसतात. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तेथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळते. तेथून पंधरा-वीस कोसांवरच्या संगमनेरास मात्र ढग येतात ते बहुधा रिकामे होऊनच. पर्जन्यछायेचा हा मुलूख नदीकाठीच तहानलेला असतो, आणि कोरड्या वर्षी येथील कुणबी नांगर सोडून पोटामागे बाहेर पडतो. ही गोष्ट आजची नव्हे, शेकडो वर्षांची आहे. अशा मुलखावर जो जो राज्य करील त्याच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. तिजोरी एक, आणि तिच्या दाराशी दोघे उभे: एक शिपाई व दुसरी रयत. आधी कोणाच्या पदरात घालावयाचे?

संगमनेर तालुक्यातच पेमगिरीचा किल्ला आहे. निजामशाहीचा एक अल्पवयी वारस गादीवर बसवून शहाजीराजांनी १६३२-३३च्या सुमारास येथूनच त्या बुडत्या राज्याचा कारभार काही काळ चालविला. इतिहासाच्या शालेय पुस्तकात ही हकीकत येते ती शहाजीराजांच्या कर्तबगारीचा दाखला म्हणून, आणि ती तशी आहेही. परंतु त्याआधीची दोन वर्षे कशी गेली होती हे त्या पुस्तकात सहसा नसते. १६३० ते १६३२ ह्या काळात गुजराथ, खानदेश व दख्खन ह्यांवर जो दुष्काळ पडला त्याच्या तोडीचे दुष्काळ हिंदुस्थानच्या इतिहासात थोडेच आढळतील. नेमक्या त्याच काळात शहाजहान बादशहा दख्खन जिंकण्यासाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता. त्याच्या दरबारी बखरकाराने मोठ्या कौतुकाने नोंदून ठेवले आहे की, बादशहाने लंगर घातले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांस वाटण्याची आज्ञा केली. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. ह्याच बखरकाराने मयूरासनास एक कोट रुपये लागल्याचेही लिहिले आहे. दोन्ही आकडे एकाच लेखणीतून उतरले, पण ते शेजारी शेजारी मांडावेत असे त्या लेखणीस कधी वाटले नाही. मोहिमेचा खर्च तर निराळाच. तो चालूच राहिला, आणि १६३६ साली निजामशाहीची समाप्ती झाली तेव्हा कोठे थांबला.

ह्यात बादशहा विशेष निर्दय होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्या काळी फौज हे राज्याचे कर्तव्य आणि अन्नदान हा राजाचा धर्म, अशी वाटणी होती. कर्तव्याला सालोसाल नेमणूक असते. धर्म इच्छेप्रमाणे होतो. ह्या वाटणीतील उणीव ज्या थोड्या राज्यकर्त्यांच्या व्यवहारात भरून निघालेली दिसते त्यांत एक स्त्री आहे, आणि ती ह्याच नगर जिल्ह्याची लेक. चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर ह्यांचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे सर्वांस ठाऊक आहेत. जिल्ह्याचे नावही २०२४ साली त्यांच्या नावावरून अहिल्यानगर असे झाले. परंतु हे सर्व बांधले गेले ते कोणत्या पैशातून, हे विचारणारे थोडे. होळकरांच्या राज्यात दोन थैल्या होत्या. एक ‘दौलत’, म्हणजे सरकारी उत्पन्न. त्यातून फौज पोसली जाई. दुसरी ‘खासगी’. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांस १७३४ साली पेशव्यांकडून ही स्वतंत्र जहागीर मिळाली, आणि त्यांच्यामागे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीचा विश्वेश्वर आणि महेश्वरचे घाट ह्यांस जो पैसा लागला तो मुख्यतः ह्या दुसऱ्या थैलीतला. तुकोजी होळकर फौजेचे सरदार. मोहिमेवरून त्यांची पैशाची मागणी वारंवार येई, आणि त्यावरून दोघांत खटके उडत. बाईंनी फौजेस पैसा दिला नाही असे नाही. त्यांचे राज्य फौजेवाचून एक वर्षही टिकले नसते. परंतु एका थैलीची तूट भरण्यासाठी दुसरीचे तोंड सोडावयाचे नाही, हा कटाक्ष त्यांच्या कारभारात दिसतो. अठ्ठावीस वर्षांच्या त्या राज्यात केलेली अनेक बांधकामे आजही वापरात आहेत.

त्यांच्या मागे सुमारे सात वर्षांतच चित्र पालटले. १८०२च्या ऑक्टोबरात हडपसरावर यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे ह्यांच्या फौजेचा मोड केला, आणि दुसऱ्या बाजीरावाने पळून जाऊन त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास वसईचा तह केला. तहान्वये कंपनीची तैनाती फौज पेशव्यांनी बाळगावयाची, आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च पेशव्यांचा. ही तऱ्हा ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे ती साऱ्या हिंदुस्थानास लागू झाली. तहाच्या मागोमाग १८०३-०४ साली नगर प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्याला पाऊस जितका कारण झाला तितकेच होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या घोड्यांचे पायही. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी तेव्हा साठीत होते. एका आयुष्यात सवाई माधवरावांची पुणेरी श्रीमंती आणि ही राखरांगोळी, दोन्ही त्यांस पाहावी लागली.

१८१८ नंतर लुटालूट थांबली, हे कबूल करावयास हवे. रयतेच्या दृष्टीने शांतता ही काही लहानसहान देणगी नव्हे, आणि इंग्रजी अमलाचे समर्थक पुढे शंभर वर्षे लष्करी खर्चाच्या बाजूने हाच दाखला देत आले. परंतु १८५७च्या उठावानंतर ह्या शांततेची किंमत भराभर चढत गेली. दोन देशी शिपायांमागे एक गोरा शिपाई असे प्रमाण ठरले, आणि गोरा शिपाई देशी शिपायाच्या कितीतरी पट महाग पडे. तो विलायतेत तयार व्हावयाचा, तर तयारीचा खर्च म्हणून विलायतेतील युद्धखाते हिंदुस्थानच्या तिजोरीकडून माणशी दहा पौंड वसूल करी. १८६७-६८ साली ॲबिसिनियात मोहीम निघाली; तेथे गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार येथल्याच तिजोरीतून गेला. पुढे १८८२ साली इजिप्तच्या मोहिमेचाही काही भार असाच इकडे आला. संगमनेरच्या कुणब्याचा इजिप्तशी काय संबंध, असा प्रश्न पार्लमेंटातही काही सज्जनांनी विचारला. पण उत्तर देण्याची निकड कोणास भासली नाही.

अशा स्थितीत १८७६ साली पाऊस गेला. दख्खनच्या जिल्ह्यांत खरीप जळाले, रब्बीही हाती लागली नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड हा लोहमार्ग ह्याच काळातला; दुष्काळपीडितांच्या श्रमाने तो तयार होऊन १८७८ साली सुरू झाला. आज त्या मार्गाने जाणाऱ्या उतारूस खिडकीतून उसाचे मळे दिसतात. भराव ज्यांनी घातला त्यांच्या टोपलीत काय होते ह्याची त्यास कल्पना नसते. १८७७च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल ह्यांस हिंदुस्थान सरकारने दुष्काळाचे खास प्रतिनिधी म्हणून पाठविले. खर्च आवरावा ही त्यांस ताकीद होती. त्यांनी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इथवर खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास एक पौंड धान्य पुरत नाही हे सांगावयास डॉक्टर लागत नाही. तथापि डॉक्टरांनीही ते सांगितले. मजुरांनी पुष्कळ ठिकाणी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. सभेचे हे अर्ज म्हणजे नुसता शोक नव्हे, तो हिशेब आहे: किती धान्य, किती दर, किती माणसे, किती दिवस. दुःखाचा असा जमाखर्च मांडून सरकारापुढे ठेवण्याची रीत महाराष्ट्रात ह्या दुष्काळाने घालून दिली.

पुण्यात ह्याच सुमारास लष्करी हिशेबाच्या कचेरीत एक कारकून काम करीत होता. फौजेच्या खर्चाची बिले रोज त्याच्या नजरेखालून जात, आणि सुटीच्या दिवशी तो खेड्यापाड्यांतून हिंडे तेव्हा उपाशी माणसे दिसत. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. १८७९ साली त्याने बंड केले आणि त्याच वर्षी जुलैत तो पकडला गेला. त्याच्या मार्गाविषयी मतभेद होतील. परंतु दोन थैल्यांतील अंतर ज्या मनुष्याने पगारी नोकर म्हणून रोज पाहिले, त्याच्या मनात ठिणगी पडावी ह्यात आश्चर्य वाटण्यासारखे नाही.

आता मुख्य गोष्ट. दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, आणि सरकारचा खर्चही अवाढव्य झाला. तेव्हा अर्थमंत्री सर जॉन स्ट्रेची ह्यांनी एक योजना मांडली. दुष्काळ हे ह्या देशाचे नेहमीचे संकट आहे. ते आले म्हणजे कर्ज काढावयाचे हे बरे नव्हे. म्हणून दरसाल दीड कोट रुपये शिल्लक राहतील असा बंदोबस्त करावा. त्यातून दुष्काळात मदत द्यावी. एरवी कर्ज फेडावे किंवा दुष्काळ टाळणारे लोहमार्ग व कालवे बांधावेत. दीड कोट आणावयाचे कोठून? नवे कर बसवून. १८७८ साली व्यापारधंद्यावर परवानापट्टी बसली, आणि लहान दुकानदारांपर्यंत सर्वांस ती लागली. लोक कुरकुरले; तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांनी जाहीरपणे शब्द दिला की, हा पैसा दुष्काळाखेरीज दुसऱ्या कामी लावला जाणार नाही. ‘दुष्काळ-विमा’ असे ह्या रकमेस नाव पडले. नाव फार चांगले होते. विम्याचा हप्ता रयतेने भरला. पॉलिसी मात्र सरकारच्या पेटीत राहिली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिटनसाहेबांनी काबूलवर स्वारी केली. वायव्य सरहद्दीवर रशियाचा बागुलबुवा होता, आणि अफगाणिस्तानचा अमीर रशियाच्या वकिलास भेटला व इंग्रजांच्या वकिलास भेटेना, हे निमित्त झाले. १८७९च्या अंदाजपत्रकात दुष्काळ-विम्याची रक्कम तहकूब झाली. कर मात्र तहकूब झाला नाही. म्हणजे दुष्काळासाठी म्हणून वसूल केलेला पैसा तिजोरीत आला, आणि तिजोरीतून खैबरच्या वाटेला लागला. ह्यावर सरकार पक्षाचे म्हणणे असे होते की, दीड कोटीची पेटी कोठे निराळी ठेवलेली नव्हतीच. सर्वसाधारण उत्पन्नातून तेवढी शिल्लक पडावी एवढाच हेतू होता, आणि युद्धामुळे ती पडली नाही. हिशेबाच्या भाषेत हे खरे होते. म्हणूनच ते अधिक झोंबले. ज्या थैलीला निराळे तोंड नाही, ती थैलीच नव्हे, हे लोकांस त्या दिवशी कळले.

युद्धाचा अंदाजही असा काही चुकला की, १८८०च्या वसंतात खरे आकडे बाहेर आले तेव्हा विलायतेत गहजब झाला आणि स्ट्रेचीसाहेबांच्या कारकिर्दीचा शेवट त्या गोंधळातच झाला. पुढे ग्लॅडस्टन ह्यांच्या मंत्रिमंडळाने ब्रिटिश तिजोरीतून ५० लाख पौंडांची मदत दिली. बाकी सर्व हिंदुस्थानच्या माथी. १८८१-८२पासून दुष्काळाची रक्कम पुन्हा बाजूला पडू लागली. परंतु १८८५ साली सरहद्दीवर रशियाशी कुरापत आणि ब्रह्मदेशावर स्वारी एकाच वर्षी आल्या. फौजेत सुमारे तीस हजार माणसांची वाढ झाली, आणि दुष्काळाची रक्कम पुन्हा आखडली. १८८६ साली प्राप्तीवरील कर आला. १८८८ साली मिठाचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. प्राप्तीवरील कर संगमनेरच्या सावकाराने भरला असेल, मिठावरचा त्याच्या कुळाने.

ह्या सर्व आकड्यांचा पाठपुरावा करणारे एक गृहस्थ सरकारी हायस्कुलात हेडमास्तर होते. गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांचे नाव. सरकारी नोकरीमुळे त्यांचे लेख सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात बहुतेक बिननावाने येत. दिवसा शाळा, आणि रात्री सरकारी अहवालांतील कोष्टके, असा त्यांचा क्रम. न्यायमूर्ती रानड्यांस त्यांच्या आकड्यांचा मोठा आधार वाटे. आणि रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले ह्यांस तर ते आकड्यांचे गुरूच होते. मोठ्या माणसाची भाषणे पुढे ग्रंथरूपाने निघतात. त्यांतील बेरजा कोणी केल्या हे मात्र ग्रंथावर छापलेले नसते. म्हणून ही नोंद.

१८९७च्या एप्रिलात गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास उभे राहिले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेले हे कमिशन. दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बानर्जी व सुब्रह्मण्य अय्यर ह्यांनीही ह्याच सुमारास साक्षी दिल्या. देशात त्याच वेळी दुष्काळ चालू होता व पुण्यात प्लेग होता. गोखल्यांच्या साक्षीतील मुद्दा सरळ होता: हिंदुस्थानची फौज हिंदुस्थानच्या रक्षणासाठी जितकी लागते त्याहून मोठी आहे, ती सबंध साम्राज्याच्या उपयोगी पडते, तर साम्राज्याने तिचा वाटा उचलावा. १९००च्या अहवालात कमिशनने विलायतेने काही किरकोळ रक्कम द्यावी एवढी शिफारस केली. दादाभाई आणि त्यांच्या दोघा साथीदारांनी भिन्न मत नोंदविले.

अहवाल आला त्या सालीच, म्हणजे १८९९-१९००मध्ये, महाराष्ट्राने आणखी एक दुष्काळ पाहिला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात सरकारने सुमारे सात कोटींची शिल्लक दाखविली. सभागृह धन्यवाद देण्याच्या तयारीत होते. गोखल्यांचे ते अंदाजपत्रकावरील पहिलेच भाषण. त्यांनी धन्यवाद दिले नाहीत. दुष्काळाच्या पाठोपाठ शिल्लक पडते ह्याचा अर्थ देश सुखी आहे असा नव्हे. रुपयाचा विलायती भाव सरकारने चढविला, त्यामुळे विलायतेस पाठवावयाची रक्कम रुपयांत कमी भरते, आणि कर मात्र पडत्या काळात बसविलेलेच चालू आहेत. म्हणजे शिल्लक ही गरजेहून अधिक वसुली होय. ती असताना मीठ महाग का? आणि खेड्यात शाळा का नाही? खुद्द लॉर्ड कर्झन ह्यांच्याच कारकिर्दीत सांगितले गेले की, पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही आणि चार मुलग्यांपैकी तीन शिक्षणावाचून वाढतात. गोखल्यांच्या भाषणानंतरच्या वर्षी, १९०३ साली, मिठाचा कर दोन रुपयांवर आला. १९०५ साली दीडावर, १९०७ साली एका रुपयावर. हे केवळ भाषणाने झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि सात कोटींची शिल्लक मुकाट्याने कोणी पचू दिली असती तर ती फौजेच्या नव्या योजनेतच जिरली असती, ह्यात संशय नाही. लॉर्ड किचनेर ह्यांची लष्कराच्या पुनर्रचनेची योजना लवकरच आली, आणि तिला पैसा मिळालाच.

मीठ स्वस्त झाले; शाळेचे काय? १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. बिल अगदी सावध होते. सक्ती सर्व देशात एकदम नव्हेच. ज्या म्युनिसिपालिटीस किंवा लोकलबोर्डास इच्छा असेल, आणि जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथे सहा ते दहा वर्षांच्या मुलांस ती लागू करावी. खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने सोसावा. पैसा कोठून आणावा तेही त्यांनी सांगितले: आयात मालावरील जकात शेकडा पाचाची साडेसात करा. बडोद्याकडे बोट दाखवून ते म्हणत की, सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्ती सुरू केली, १९०६ साली सबंध राज्यात केली, आणि राज्य बुडाले नाही. बडोद्याचा दाखला अर्थात पुरता बिनतोड नव्हता, कारण बडोद्यास स्वतःच्या रक्षणाची चिंता नव्हती. ते इंग्रजी फौजेच्या आडोशास होते. पण म्हणूनच तो बोलका होता. ज्या राज्याच्या तिजोरीच्या दाराशी शिपाई उभा नाही तेथे रयतेचे मूल शाळेत जाऊन पोहोचते.

त्या वर्षीच्या खानेसुमारीत हजार पुरुषांत १०६ व हजार स्त्रियांत १० साक्षर निघाल्या. १९ मार्च १९१२ रोजी बिल मतास पडले. बाजूने १३, विरुद्ध ३८. विरुद्ध पडलेल्यांत हिंदी सभासदही होते, हे विसरता कामा नये. कुणब्याचा मुलगा शिकला तर शेतावर कोण राबेल, ही काळजी गोऱ्या साहेबापेक्षा काळ्या जमीनदारास अधिक होती. पराभव होणार हे गोखल्यांस ठाऊक होते, आणि तसे त्यांनी सभागृहात बोलूनही दाखविले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला तो १ एप्रिल २०१० रोजी. मधली अठ्ठ्याण्णव वर्षे मोजावयास बोटे पुरत नाहीत.

बिल नापास झाले तेव्हा पैसा नाही हे एक कारण सांगितले होते. पाच वर्षांनी, १९१७ साली, महायुद्धाच्या खर्चासाठी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ दिली. रुपयांत दीडशे कोट. दुष्काळाची थैली दरसाल दीड कोटीची होती हे आठवल्यास, शंभर वर्षांचा दुष्काळ-विमा एका ठरावासरशी गेला असे होते. हा भागाकार तिसरीतल्या मुलास करता येतो. परंतु ते मूल शाळेत नव्हते.

१९१९च्या सुधारणांनी दोन थैल्या अखेर निराळ्या झाल्या, पण उलट्या रीतीने. फौज आणि जाड थैली दिल्लीकडे राहिली. शाळा, दवाखाने प्रांतांच्या हिंदी मंत्र्यांकडे आले, रोड थैलीसह. त्यातूनही प्रांतांनी दिल्लीस वर्गणी द्यावयाची; मुंबई इलाख्याच्या वाट्यास ५६ लाख आले. गोखल्यांचे शिष्य रँग्लर परांजपे हे मुंबईचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांनी पास करून घेतला. गुरूचे नापास झालेले बिल शिष्याने एका प्रांतापुरते पास केले, परंतु अंमलास पैसा पुरेना. त्याच वर्षी दिल्लीत इंचकेप कमिटीने लष्करी खर्च पावणेअडुसष्ट कोटींवरून पावणेअठ्ठावन्न कोटींवर आणण्याची शिफारस केली, आणि तरीही तूट भरेना म्हणून व्हाइसरॉयनी कायदेमंडळाचे न ऐकता मिठाचा कर दुप्पट केला. एका वर्षाने तो उतरवावा लागला. लष्करी खर्च मात्र इंचकेपसाहेबांच्या कात्रीने खरोखरच थोडा उतरला, ही न्यायाची गोष्ट नमूद केली पाहिजे. व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी फौजेकडे पाहणारा मनुष्य त्या जागी प्रथमच बसला होता.

आता पुन्हा प्रवरेकाठी. १९०१-०३च्या पाटबंधारे कमिशनने दख्खनात घाटमाथ्यावर पाणी साठवून दुष्काळी पट्ट्यास पाट काढावेत असा सल्ला दिला. त्या कामांपासून सरकारास नफा होणार नव्हता. ती ‘रक्षक’ कामे समजली जात, आणि अशा कामांचा खर्च सामान्यतः दुष्काळ-विम्याच्या रकमेतून होई. म्हणजे थैली पुरती रिकामी झाली नव्हती. तळाशी काही उरले होते. १९१० साली अकोले तालुक्यात भंडारदऱ्यास धरणाचे काम सुरू झाले. मध्ये महायुद्ध होऊन गेले. २७० फूट उंचीची ती दगडी भिंत पुरी होऊन १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. धरणास त्यांचेच नाव पडले. सुमारे अकरा हजार दशलक्ष घनफूट पाणी त्यात मावते. संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा व उजवा असे दोन पाट निघाले, आणि राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना लोणीस काढला तो ह्याच पाण्यावर. परवानापट्टी १८७८ साली भरली. पाणी १९२६ साली आले. ज्याने पट्टी भरली त्याच्या नातवाने ते पाहिले असेल.

स्वराज्य आले, आणि तोच प्रश्न घरच्या माणसांपुढे उभा राहिला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना गरीब घरच्या मुलांस, जात न विचारता, उत्पन्न पाहून फीमाफी देण्याची योजना सुरू झाली. १९६२च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, आणि नोव्हेंबरात हेच चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री झाले. १९६२-६३च्या मूळ अंदाजात संरक्षणास सुमारे पावणेचारशे कोटी होते. १९६३-६४साठी ८६७ कोटी धरावे लागले. हिमालयात शिपायांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, ही गोष्ट साऱ्या देशाने ऐकली होती. तेव्हा ह्या वाढीस कोणी नाव ठेवले नाही. गोखल्यांनीही ठेवले नसते. फौज नको असे ते कधीच म्हणाले नव्हते. ती कोणाची, कोणासाठी, आणि तिच्या पायी कोणाचे काय राहून जाते, हे ते विचारीत.

भंडारदऱ्याचे पाणी ओझरखाली गेले, तरी संगमनेर तालुक्यातील वरची गावे कोरडीच होती. त्यांच्यासाठी प्रवरेवरच निळवंड्याच्या धरणास १९७० साली मंजुरी मिळाली, अंदाज आठ कोटींच्या आत. ह्या वेळी काबूल नव्हते, किचनेर नव्हते, विलायतेची वर्गणी नव्हती. पैसा आपला आणि राज्यही आपले. धरणास, मग पाटांस, मग जमिनीच्या तंट्यांस, आणि पाणी प्रथम कोणाचे ह्या वादास वर्षांमागून वर्षे लागली. खर्च हजारो कोटींत गेला. डाव्या पाटाला चाचणीचे पहिले पाणी सुटले ते मे २०२३मध्ये, मंजुरीनंतर त्रेपन्न वर्षांनी. तळेगावकडच्या शेतकऱ्यांनी पाटाच्या काठी येऊन ते पाहिले. इंग्रजांस भंडारदऱ्याचे पाणी आणावयास, पहिल्या वचनापासून धरून, अठ्ठेचाळीस लागली होती.